सुवर्णाकाकूंचं वजन उतरवणारी समिती

माणसाचं वजन ही त्याची खासगी मालमत्ता आहे, असा एक गैरसमज शिकलेल्या लोकांत पसरलेला आहे. प्रत्यक्षात ते सामायिक असतं. वडिलोपार्जित जमिनीच्या उताऱ्यावर जशी सगळ्या भावाबहिणींची नावं असतात, तशी माणसाच्या वजनावर घरच्यांची, शेजाऱ्यांची आणि लग्नात भेटून गाल ओढणाऱ्या (पण नाव न आठवणाऱ्या) पाहुण्यांचीही नावं लागलेली असतात. म्हणून ते वाढलं की सगळे बोलतात, आणि उतरवायचं म्हटलं की सगळ्यांची संमती लागते.

मखमलाबादच्या सुवर्णाकाकूंना हे माहीत नव्हतं. काकूंकडे साखर होती, बीपी होतं, थायरॉइड होतं आणि दोन गुडघे होते. (गुडघे सगळ्यांनाच असतात, पण काकूंचे बोलायचे.) डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासलं आणि इतकं साधं सांगितलं की काकूंना फी फुकट गेल्यासारखी वाटली.

"गोळ्या वेळेवर घ्या, एकही बंद करायची नाही. रोज चाला. पोळी-भात अर्धा करा, भाजी वाढवा, गोड सोडा. आणि खुर्चीवर बसून हे पायाचे व्यायाम करा. थोडं जरी वजन उतरलं ना, तरी साखर, बीपी आणि गुडघे, तिघंही तुमचं ऐकायला लागतील."

आपलं कुणी ऐकेल, ही कल्पनाच काकूंना नवीन होती. त्या हरखून गेल्या.

हरखायला आणखी एक कारण होतं. काकूंच्या घरचा झेंडू-शेवंतीचा मळा, आणि फुलबाजारात घरची एक जागा. लग्न होऊन आल्यापासून त्या जागेवर काकूच बसायच्या. गोणपाटावर बैठक मारायची, समोर झेंडूचा ढीग, हातात तराजू. तिथे त्या कुणाच्या सून नव्हत्या की कुणाच्या आई नव्हत्या, तिथे त्या "ओ सुवर्णाबाई" होत्या, आणि भाव त्या सांगतील तो होता. पण गुडघे बिघडले तशी प्लास्टिकची खुर्ची आली. खुर्चीवरून प्रत्येक पावशेर फुलांसाठी वाकायचं, तोवर गिऱ्हाईक शेजारच्या लताबाईंकडे. शेवटी पावसाळ्यात काकूंचे यजमान जीवनकाका यांनी जाहीर केलं, "दसऱ्यापासून मंजुषा बसेल जागेवर. तू घरी आराम कर."

मंजुषा म्हणजे धाकटी जाऊ. तिचे गुडघे नवेकोरे. आणि घरचा आराम म्हणजे सहा जणांचा स्वयंपाक, दोन वेळची भांडी, सासूबाईंचे पाय चेपणं आणि आल्यागेल्याचा चहा. एवढा आराम काकूंना झेपला नसता. तेव्हा दसऱ्यापर्यंत खाली बसता आलं पाहिजे आणि मुख्य म्हणजे बसलेलं उठता आलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. आणि ठरवलेलं रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलं.

ही त्यांची चूक झाली.

कारण मराठी माणूस एकट्याने काही करत नाही. त्याला आधी समिती लागते. ताटं उचलायच्या आत समिती स्थापन झाली. अध्यक्ष जीवनकाका. आहार विभाग सासूबाई धोंडाबाई. पेयं आणि मोबाइलवरचं ज्ञान मंजुषा. तंत्रज्ञान विभाग काकूंची मुलगी हर्षाली (इयत्ता दहावी, त्यामुळे तिला सगळं येतं). दीर योगेश सल्लागार, कारण त्याला दुसरं काही द्यायला उरलं नव्हतं. काकूंना समितीत घेतलं नाही. वजन त्यांचं असल्यामुळे त्या निःपक्षपाती राहिल्या नसत्या.

समितीला घोषवाक्यही लगेच मिळालं. धोंडाबाईंनी काकूंच्या ताटात आग्रहाने तुपाची धार सोडली आणि म्हणाल्या, "घे गं. एवढ्यानं काय हुतंय?" ते सर्वानुमते मंजूर झालं.

आहार विभागाचा भर उपवासावर होता. सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि मध्ये कुणाची आठवण आली तर त्याचाही. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस आणि राजगिऱ्याचे लाडू एवढंच खायचं. "उपासाचं खाल्लेलं अंगाला लागत नाय," असा धोंडाबाईंचा निर्णय होता, आणि त्या निर्णयावर अपील नव्हतं.

पेयं विभाग तर फारच कार्यक्षम. सकाळी मेथीचं पाणी, मग कारल्याचा रस, मग दुधीचा, मग जिऱ्याचं पाणी, मग दालचिनीचं. मंजुषा व्हिडिओ पाठवायची आणि काकू किसायच्या, गाळायच्या, मिक्सर धुवायच्या. आता हे सगळं एकटीसाठी कुठे करायचं, म्हणून घरातल्या प्रत्येकाने काकूंना पाठिंबा म्हणून आपापलं डाएट सुरू केलं. जीवनकाकांना ज्वारीची भाकरी. योगेशला उकडलेली अंडी, पण मसाला घालून. मंजुषाला तेलाशिवाय भाजी, हर्षालीला ओट्स (दोन चमचे खाऊन ठेवून द्यायला). धोंडाबाईंचं डाएट नव्हतं, त्यांना नेहमीचं लागायचं. थोडक्यात, पूर्वी काकू एक स्वयंपाक करायच्या, आता त्या पाच करायला लागल्या. त्यामुळे चालायला वेळ उरेना. समितीने याची नोंद घेतली आणि काकूंमध्ये इच्छाशक्ती कमी आहे असं मत दिलं.

चालण्याचा विभाग अध्यक्षांनी स्वतःकडे ठेवला होता. त्यासाठी त्यांनी बूट आणले. स्वतःला. काकूंच्या चपला चांगल्या होत्या. दर रविवारी सगळं कुटुंब गाडीत बसून चालायला जायचं. गाडी लावायची, तिथून चालत मिसळीच्या ठिकाणी जायचं. (अंतर सांगत नाही, पण गाडी लावणारा माणूस आणि मिसळ देणारा माणूस एकमेकांशी गप्पा मारत असत.) द्राक्षाच्या मांडवाखाली बसून जीवनकाका समजावून सांगायचे, "मटकी म्हणजे कडधान्य. कडधान्य म्हणजे प्रोटीन. तर्री म्हणजे घाम. घाम आला की चरबी गेली." पावाबद्दल ते काही बोलायचे नाहीत, कारण तेव्हा तोंडात पाव असायचा. शेवटी जिलबी. ती खाण्याची नव्हती, ती आग शांत करण्याची होती.

"मला नको," काकू म्हणायच्या.

"अहो ताई, चाललोय की आपण आत्ता!" मंजुषा म्हणायची. "एवढ्याने काय होतंय?"

तंत्रज्ञान विभागाचं काम तर बघण्यासारखं होतं. हर्षालीने आईच्या नावाने मोबाइलमध्ये अ‍ॅप घेतलं आणि त्याचं घड्याळ स्वतःच्या मनगटावर बांधलं (आईच्या हाताला पीठ असायचं). पुढे शाळेत गरब्याची तालीम सुरू झाली. मग काकू ओट्याशी दुधी किसत असताना त्यांचा मोबाइल वाजायचा, "अभिनंदन! आज तुम्ही जबरदस्त मेहनत घेतली!" काकू मान डोलवायच्या. खोटं काय होतं त्यात?

शिवाय आकडेवारी होतीच. हर्षालीच्या पाहणीनुसार (नमुना: तिच्या वर्गातल्या मुली आणि त्यांच्या आया) शंभरातले चाळीस लोक डाएट करतात आणि उरलेले साठ येत्या सोमवारपासून करणार असतात.

पहिल्या तपासणीला समिती सगळीच्या सगळी दवाखान्यात गेली. काट्यावर काकूंचं वजन वाढलेलं निघालं. साखरही. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मंजुषा म्हणाली, "काटा बिघडलाय वाटतं." योगेशने सल्ला दिला की गोळ्यांचीच सवय लागली असेल, त्या काही दिवस बंद करून बघू. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बसवलं. समितीच्या संपूर्ण कारकिर्दीत झालेली ही एकमेव योग्य वैद्यकीय कारवाई.

येताना गाडीत जीवनकाका मागे न बघता म्हणाले, "राहू दे सुवर्णा. तुझ्याच्याने नाही व्हायचं. दसऱ्याला मंजुषाच बसेल."

काकू म्हणजे जन्मभर तराजू हातात धरलेली बाई. काट्याला त्यांनी कधी दोष दिला नव्हता. वाढलेलं वजन खरं होतं, आणि कशाने वाढलं तेही त्यांना कळत होतं. फक्त ते सांगायचं कुणाला? सांगितलं असतं तर त्यावर उपसमिती बसली असती.

म्हणून काकूंनी जगातला सगळ्यात गुप्त मार्ग निवडला. त्या काम करायला लागल्या.

पहाटे तोडणीच्या बायांबरोबर त्या मळ्यात जायला लागल्या. आधी एका सरीच्या शेवटापर्यंत, मग दोन, मग अख्खा मळा फिरून. घरी विचारलं तर सांगायच्या, "शेवंतीला पाणी बघून येते." कुणालाही संशय आला नाही. बाईचं शेतातलं चालणं चालण्यात धरत नाहीत, त्याला बूट लागत नाहीत ना. दुपारी मालिका बघायच्या नावाखाली खुर्चीत बसून पायाचे व्यायाम. रस सगळे कढीपत्त्याच्या कुंडीला. (त्याने सुरुवातीला नाराजी दाखवली, नंतर फांद्या फुटल्या.) घरातल्या पाच स्वयंपाकांचं मात्र त्यांनी एकच करून टाकलं. भाकरी, पालेभाजी, वरण, काकडी. पाच वाट्यांत वेगवेगळं वाढलं की झालं. कुणालाच चव कळली नाही.

आणि त्यांचं स्वतःचं जेवण? ते तर सगळ्यात सोपं होतं. काकू शेवटी जेवायच्या, एकट्या, ओट्यापाशी. त्यांच्या ताटात काय असतं हे त्या घरात कधी कुणी बघितलंच नव्हतं. घरच्या बाईने सगळ्यांच्या मागून जेवायचं, ही आपली किती जुनी आणि थोर पद्धत! ती बाईच्या फायद्याची निघाल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. अर्धी भाकरी, ताटभर भाजी, पाणी पिऊन गोळी. साक्षीदार शून्य. आग्रह शून्य.

बाजारात लताबाईंना मात्र कळलं. काकूंनी खुर्ची सोडून उलटा क्रेट घेतला. मग क्रेट जाऊन घडी घातलेली गोणपाटं आली, आणि त्यांचा थर हळूहळू बुटका होत गेला. दुखलं की थांबायचं, परत वाढवायचा, परत कमी.

"काय गं," लताबाई म्हणाल्या, "तू बारीक व्हायलीस का जमिनीत चाललीस?"

"बोलू नको कुठं," काकू म्हणाल्या. "घरी कळलं तर मदत करतील."

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात परत तपासणी. वजन उतरलेलं. फार नाही, पण काट्याला दिसेल इतकं. साखर आटोक्यात, बीपी शहाण्यासारखं. डॉक्टरीणबाई हसल्या. "छान. हेच चालू ठेवा. गोळ्यांचं पुढे मी बघते."

समितीला आनंदाने रडू फुटायचं बाकी राहिलं. ताबडतोब सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, घरच्याच झेंडूचा हार, आणि गल्लीतले सगळे. जीवनकाकांनी भाषण केलं. रविवारच्या चालण्याचा उल्लेख दोनदा झाला, बुटांचा तीनदा. मंजुषाने कारल्याचे आभार मानले. हर्षालीने अ‍ॅपमधला आलेख दाखवला, तो गरब्यामुळे फारच देखणा आला होता.

आणि मग, साखर उतरल्याच्या आनंदात, पेढे आले.

धोंडाबाई पेढा घेऊन काकूंच्या तोंडापाशी आल्या. "घे सुवर्णा. तुझी साखर उतरली म्हनून तर आनला."

"नको आत्याबाई."

"एकानं काय हुतंय?"

"नको."

गल्लीत आधी कुणी अशा वेळी तोंड मिटलं नव्हतं. "ताई, शकुनाचा आहे हो," मंजुषा हळूच म्हणाली. जीवनकाकांचा चेहरा पडला. "सगळ्यांनी एवढं केलं तुझ्यासाठी..."

"माज्या हातचा नाय म्हनती ही," धोंडाबाई गल्लीला सांगायला लागल्या. "वजनासंगं मानुसकी बी उतरली हिची."

काकूंनी खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली. "तोंड गोडच करायचं असेल," त्या जीवनकाकांना म्हणाल्या, "तर एवढं म्हणा. दसऱ्याला जागेवर मी बसणार."

"अगं पण गुडघे..."

काकूंनी भिंतीशी ठेवलेला पाट पायानेच पुढे ओढला आणि त्यावर बसल्या. एक पाय दुमडून, एक लांब करून, बाजारात बसतात तशा. लोकांना ते फार वाटलं नाही. बसायला काय, गुरुत्वाकर्षण मदत करतं. पण मग त्या उठल्या. हाताला काही न धरता. कळ आली असणार, ओठ आवळलेले सगळ्यांनी पाहिले, पण त्या उभ्या राहिल्या आणि पाट परत भिंतीला लावला.

"बस मग," जीवनकाका एवढंच म्हणाले.

काकूंसाठी आणलेला पेढा धोंडाबाईंनी स्वतःच्या तोंडात टाकला. (त्यांनाही साखर आहे.)

दसऱ्याला काकू जागेवर बसल्या, भाव त्यांनी सांगितला तोच राहिला, आणि झेंडू दुपारच्या आतच संपला. समिती मात्र बरखास्त झालेली नाही. काकू बिघडल्या यावर तिचं एकमत आहे, आणि ती सध्या नवीन सभासद घेते आहे. सभासदत्वाला अर्ज नाही, वर्गणी नाही. पात्रता एकच. वर काकूंनी पेढा नाकारला तिथे वाचता वाचता तुमच्या मनात आलं असेल, की म्हातारीचं मन राखायला घ्यायचा होता की एक, तर अभिनंदन, तुमचं नाव लागलेलं आहे.

रविवारी मिसळीला या. आणि हा पेढा घ्या. अहो घ्या हो. एकाने काय होतंय?