पांढऱ्यावर पांढरं

गणपती तोंडावर आले तसा हेमचंद्र सकाळचा चहा घेण्याआधी मोबाईलवर 'जबलपूर मोदक' शोधू लागला. पहिल्या पानावर मोठमोठे मिठाईवाले निघायचे, दुसऱ्यावर खोव्याची जलेबी निघायची, तिसऱ्यावर कोणीतरी मोदकांचे साचे विकत बसलेलं असायचं. पद्मजाचं नाव कुठल्याच पानावर नव्हतं. मग तो चहा बेचव झाला म्हणून कुरकुर करायचा आणि पद्मजा त्यात मुकाट्याने साखर घालायची.

खरं तर धंदा पद्मजाचा होता. जबलपूरच्या राइट टाउनमधल्या त्यांच्या घरी ती पुरणपोळ्या, चकल्या आणि मोदक करून द्यायची आणि गिऱ्हाईक तोंडी निरोपावर येत होतं. पण हेमचंद्रने नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरी बसल्या बसल्या स्वतःला तिचा मॅनेजर नेमून टाकलं. नागपूरला वेबसाईटी करणाऱ्या कंपनीत असलेल्या विनताने, म्हणजे त्यांच्या मुलीने, आईसाठी एक छानशी वेबसाईट बनवून दिली. तिथून मॅनेजरसाहेबांना कामच मिळालं.

त्यात यंदा संधी चालून आली होती. मराठी मंडळाच्या गणपतीचे मोदक वर्षानुवर्षं अंजनीकाकू करत आल्या होत्या, पण यंदा त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब हेमचंद्रला बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "तुमची ती वेबसाईट पाहतो एकदा, मग मीटिंगमध्ये ठरवू." एवढ्यावर हेमचंद्रने सगळ्या गल्लीत सांगून टाकलं की यंदा प्रसाद आमच्याकडून. आता तो मिळाला नाही तर गल्लीत तोंड दाखवायची सोय उरली नसती. शिवाय पद्मजाच्या हातची चव एकदा सगळ्या मंडळाने चाखावी असं त्याला मनापासून वाटत होतं, हेही सांगायला हवं. नवरा वाईट नव्हता, फक्त उतावळा होता.

त्याने विनताला फोन लावून विचारलं की आपण पहिल्या पानावर काहून येत नाही. विनताने शांतपणे समजावलं की लोक जे खरोखर विचारतात त्याची खरी उत्तरं लिहायची, फोटो स्वतःचे टाकायचे, ज्यांनी मोदक खाल्ले त्यांनाच दोन शब्द लिहायला सांगायचं, आणि धीर धरायचा. दोन-चार महिन्यांत आपोआप वर येतं.

"दोन-चार महिने? गणपती थांबून राहणार आहे का तोवर?"

"पापा, शॉर्टकट मत मारना. गूगल पकडतं."

पद्मजाने मात्र मुलीचा सल्ला मनावर घेतला आणि दुपारी बसून वेबसाईटवर मजकूर लिहिला. आमचे मोदक तळणीचे असतात, उकडीचे नाहीत. सारणात सुकं खोबरं आणि खसखस असते, खवा नसतो. एक दिवस आधी सांगावं लागतं. पावसाळी हवेत दुसऱ्या दिवशी पारी मऊ पडते, म्हणून त्याच दिवशी खावेत. हेमचंद्रने शेवटचं वाक्य वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"आपल्याच मालाला आपणच नावं ठेवून राहिली तू?"

"मऊ पडते ती पडते. लोक तक्रार घेऊन येतात तेव्हा तुम्ही आंघोळीला गेलेले असता."

या घरात आपल्याला कोणी समजून घेणार नाही हे ओळखून हेमचंद्रने स्कूटर काढली आणि थेट गोहलपूर गाठलं. तिथे दिवाकर होता. हा दिवाकर पूर्वी दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवायचा. छापील फलक आल्यावर त्याचा ब्रश वाळला, तेव्हा त्याने एक संगणक आणला आणि दुकानावर स्वतःच्याच हाताने 'वेबसाइट पहले पन्ने पर' अशी पाटी रंगवली. पाटी अजूनही सुरेख काढायचा.

दिवाकरने विनताची वेबसाईट पाहिली आणि चुकचुकला. पाटी कशी रस्त्यावरून दिसली पाहिजे, असं म्हणून त्याने खुर्ची जवळ ओढली.

"दादा, पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लिहायचं. माणसाला दिसत नाही, गूगलला बराबर दिसतं."

"आणि लिहायचं काय?"

"लोक शोधतात ते. जबलपुरातले आपले लोक मोदक म्हटलं की कोणाचं नाव घेतात?"

हेमचंद्र आयुष्यात कधी नव्हे इतकं खरं बोलला. "अंजनीकाकूंचं."

"चलो, मग तेच लिहू."

आणि लिहिलं. 'अंजनीकाकूंचे मोदक', 'जबलपुरातले उत्तम मोदक अंजनीकाकूंचे', 'खुसखुशीत मोदक म्हणजे अंजनीकाकू', असं दिवाकरने पानभर चिकटवलं. आपल्या पदरचं म्हणून त्याने 'भेडाघाट नौका बुकिंग' हेही मधूनमधून घुसडलं, कारण नर्मदेवर फिरायला येणारे बाहेरगावचे लोक तेच फार शोधतात. मग सगळं पांढरं केलं. पान पूर्वीसारखंच कोरं दिसायला लागलं. परत येताना हेमचंद्रच्या मनाला जरा टोचलं, पण जे कोणाला दिसतच नाही ते खोटं कसं, असा मुद्दा त्याने चौकाच्या सिग्नलवर शोधून काढला आणि सिग्नल हिरवा झाल्यावर त्याला तो पटलासुद्धा.

दोनच दिवसांत पद्मजाची वेबसाईट पहिल्या पानावर आली. हेमचंद्रने मोबाईल सगळ्या गल्लीला दाखवला. त्यानंतर फोन सुरू झाले.

पहिल्या बाईंना अंजनीकाकूंचे मोदक हवे होते. आमचेही अगदी काकूंसारखेच असतात, असं हेमचंद्रने गोड आवाजात सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या की सारखे नकोत, काकूंचेच हवेत, तुम्ही त्यांचे कोण? दुसऱ्या गृहस्थांनीही तेच विचारलं. तिसरा फोन भोपाळहून होता. त्यांना भेडाघाटला बोट पाहिजे होती, आणि बोटीत लहान मुलांसाठी जॅकेट मिळतं का ते आधी जाणून घ्यायचं होतं. संध्याकाळपर्यंत पद्मजाच्या मोदकांबद्दल विचारणारं एकही माणूस भेटलं नाही.

"ही बोट आपण कधी घेतली?" पद्मजाने कणीक मळता मळता विचारलं.

हेमचंद्र लगबगीने आंघोळीला गेला.

आणि आठवडा संपायच्या आत वेबसाईट गायब झाली. पहिल्या पानावर नाही, तिसऱ्यावर नाही, कुठेच नाही. मंडळाची मीटिंग नेमकी त्याच दिवशी होती. दुपारी विनताचा फोन आला आणि तिचा आवाज आईवर गेला होता.

"पापा, काय लिहिलं तुम्ही तिथे?"

"कुठे? तुला काही दिसून राहिलं का?"

"सगळं दिसून राहिलं. बोटसुद्धा. गूगलने आपल्याला उचलून बाहेर फेकलं. संध्याकाळी ऑफिस सुटलं की काढून टाकते सगळं."

हेमचंद्रने हिशेब केला. बापूसाहेबांना वेबसाईटचा पत्ता त्याने स्वतः मोबाईलवर पाठवलेला होता, म्हणजे त्यांना ती शोधायची गरजच नव्हती. आणि उघडली तरी पांढऱ्यावर पांढरं त्या म्हाताऱ्या डोळ्यांना काय दिसणार? या विचाराने त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने इस्त्रीचा कुर्ता घातला आणि पद्मजालाही बरोबर घेतलं.

मंडळाच्या सभागृहात पुढच्याच रांगेत अंजनीकाकू काठी टेकून बसल्या होत्या. बापूसाहेब उभे राहिले. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि हेमचंद्र खुर्चीच्या टोकाशी सरकला, कारण त्या मोबाईलचा पडदा काळाकुट्ट होता.

"मोतीबिंदू काढल्यापासून मला पांढरा पडदा सोसत नाही," बापूसाहेब सभेला म्हणाले. "म्हणून नातवाने सगळं काळं करून दिलंय. त्यावर ही पांढरी अक्षरं काय ठळक दिसतात."

मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. अंजनीकाकूंचे मोदक. जबलपुरातले उत्तम मोदक अंजनीकाकूंचे. खुसखुशीत मोदक म्हणजे अंजनीकाकू. पद्मजाने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं, आणि नवऱ्याने छताच्या पंख्याकडे.

"स्वतःच्या घरचा धंदा असून," बापूसाहेब डोळे पुसत म्हणाले, "हा माणूस आपल्या वेबसाईटवर एका वडीलधाऱ्या बाईचं नाव इतक्या वेळा लिहितो. स्वतःच्या बायकोबद्दल काय लिहितो? की पारी मऊ पडते. असा प्रामाणिकपणा मी पाहिला नाही. तेव्हा प्रसाद कोणाचा हे हेमचंद्ररावांनीच ठरवून दिलंय. मोदक अंजनीकाकूंचेच."

टाळ्या पडल्या. गणपती करायला गेला आणि मारुती झाला अशी एक म्हण आहे. इथे तर मारुतीची आईच पुढे येऊन बसली. हेमचंद्र कात्रीत सापडला. नाही म्हणावं तर चोरी कबूल करावी लागत होती आणि हो म्हणावं तर प्रसाद जात होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तो हात जोडून हसला.

"आणि एक," बापूसाहेब पुढे म्हणाले. "विसर्जनाला भेडाघाटच्या बोटीची सोयही त्यांनी आपण होऊन लिहिली आहे. मंडळ त्यांचं आभारी आहे."

दुसऱ्यांदा टाळ्या पडल्या. या वेळी पद्मजाही वाजवत होती.

सभा संपल्यावर हेमचंद्र मागच्या दाराने सटकायला निघाला, पण काठी आडवी आली. अंजनीकाकूंनी त्याला लहानपणापासून पाहिलेलं होतं.

"हेमू, नाव माझं लिहिलंस ते ठीक. पण खाली फोन नंबर तुझा कसा रे?"

चप्पल घालता घालता हेमचंद्रने सगळं सांगून टाकलं, गोहलपूरपासून बोटीपर्यंत. त्याला खरंच लाज वाटली. काकूंनी ऐकून घेतलं आणि पद्मजाला हाक मारली. माझ्याच्याने आता कढईसमोर उभं राहवत नाही, पोरी, तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन तळ, सारण मी बसल्या बसल्या सांगते, असं त्या म्हणाल्या. पद्मजा लगेच हो म्हणाली.

"आणि मी काय करू, काकू?" हेमचंद्रने विचारलं.

"तू खोबरं किस. आणि आता जे लिहिशील ते काळ्या अक्षरांत लिही. मला चष्म्यातून दिसलं पाहिजे."

त्या गणपतीत हेमचंद्रने इतकं खोबरं किसलं की त्याच्या बोटांना खोबऱ्याचा वास कायमचा चिकटला. बोटही त्यालाच ठरवावी लागली. विनताने पांढरं सगळं पुसून टाकलं आणि गूगलला माफीचा अर्ज केला. वेबसाईटवर पद्मजाने कढईजवळचा एक फोटो टाकला आणि खाली घडलं तसं लिहिलं: मोदक अंजनीकाकूंच्या पद्धतीचे, तळले पद्मजाने, खोबरं किसलं हेमचंद्रने. ज्यांनी प्रसाद खाल्ला त्यांनी आपणहून चार-चार शब्द लिहिले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी खोबरं किती बारीक किसलं होतं याचं कौतुक केलं. पारी मऊ पडते हे वाक्य पद्मजाने तसंच ठेवलं.

विनता म्हणाली होती तसंच झालं. हळूहळू, कोणाला न फसवता, दिवाळी होऊन गेल्यावर ते पान एके दिवशी अगदी पहिलं आलं. हेमचंद्रने चहाचा पहिला घोट घेतला, आणि त्याच वेळी फोन वाजला. त्याने घसा साफ केला, मॅनेजरचा आवाज लावला आणि नमस्कार म्हटलं.

"भैया जी," पलीकडून कोणी म्हणालं, "वो खोपरा किसने वाले आप ही हैं ना? हमारे यहाँ शादी है."