बिब्यानं बुजवलेलं विमान

माझ्या हाताला गुण आहे, असं मी एके काळी छाती ठोकून सांगत असे. आता नाही सांगत!

गोष्ट महायुद्ध संपलं त्याच्या पुढच्या सालची. राज्य निजामाचं, आणि कोळशावर चालणारी मोटार दिवसातून एकदा धापा टाकत यायची. त्या मोटारीनं बंडप्पाकाका मला बेंबळीहून उमरग्याला मुलगी बघायला घेऊन गेले. मुलीचे वडील वीरप्पा, कापडाचे व्यापारी. मुलगी शिवकांता. तिनं पानाचं तबक ठेवलं आणि मी तिथंच ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशीच! आजही ते आठवलं की जिवाला बरं वाटतं.

तिचा भाऊ पंचाक्षरी फौजेतून सुटून आला होता. येताना त्यानं काळ्या काचकड्याचं वीतभर विमान आणलं होतं. शत्रूची विमानं ओळखायला शिकवायचा तो फौजेतला नमुना, अगदी मापात! पण पंखावर दोन खड्डे.

"साच्यातूनच तसं निघालंय," पंचाक्षरी हळहळला.

"हात्तिच्या! सांजच्याला खड्डा दिसला तर नाव बदलीन!" मी म्हणालो. काकांनी मला चिमटा काढला, पण उशिरा.

टाचेच्या भेगा बिब्यानं बुजतात, मग विमानाचा खड्डा का नाही? परसात बिबा सुईला टोचून दिव्यावर धरला. गळलेल्या तेलात चाळलेली राख कालवली, खड्ड्यांत भरली, उन्हात वाळवली, काचकागदानं घासली आणि वरून पुन्हा तेलाचा हात दिला. पंख असा चकाकला म्हणता!

"खड्डा हुता कुठं?" वीरप्पांनी बोट फिरवलं, खात्रीला गालही घासला. पंचाक्षरीनं तर विमानाचा मुकाच घेतला!

मोटार दुसऱ्या दिवशी, म्हणून मुक्काम पडला. सकाळी घरात एकच हलकल्लोळ! वीरप्पांचा गाल टम्म, एक डोळा बंद. पंचाक्षरीचे ओठ वांग्याएवढे.

"पाहुण्याचा पायगुण, दुसरं काय!" शिवकांताची आई रुद्रम्मा कडाडल्या. "असल्या घरी लेक द्यायची न्हाय!"

"गप ऱ्हा," काका कुजबुजले. "मोटार येऊ दे."

बोललो तर गाढव, गप्प राहिलो तर अपशकुनी! आणि शिवकांता हातची जाणार. मी सरळ वीरप्पांचे पाय धरले.

"मामा, पायगुण न्हाय, बिबा उतलाय, त्याचीच ही सूज! म्याच पंखाला लावला. मला कधी उतत न्हाय, म्हणून ध्यानातच आलं न्हाय!"

वीरप्पांनी उघडा डोळा माझ्यावर रोखला. ते ऐकून शिवकांता बिब्यावरचा उतारा म्हणून पाट्यावर तीळ वाटून घेऊन आली. बापाच्या गालाला लेप लावत म्हणाली, "अप्पा, माणूस खरं बोलतंय. मला चालंल."

वीरप्पा हसायला गेले आणि कळवळले.

लग्नाला चाळीस वर्षं झाली. माझ्या खरेपणाचं ती अजून चारचौघांत कौतुक करते. फक्त मी घरात काही दुरुस्त करायला बसलो, की निमूटपणे पाटा धुऊन तीळ वाटायला घेते!