केदारच्या लग्नातला खिडकीचा पडदा

मी कुठलंही काम अभ्यासाशिवाय करत नाही. कॅम्पर, म्हणजे चाकांवरची खोली, गाडीला जोडून कसा ओढायचा, यावर मी सतरा व्हिडिओ पाहिले होते, तेही दीडपट वेगाने! त्यामुळे माझा रूममेट केदार याच्या लग्नाचं सामान आमच्या अमेरिकेतल्या कॅरी गावाहून जॉर्डन लेक या तळ्यावर न्यायचं ठरलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, "मी आहे ना!"

(आमच्या ग्रुपमध्ये हे वाक्य ऐकलं की लोक इन्शुरन्सचे कागद शोधतात.)

कॅम्पर नवरीच्या, म्हणजे नेत्राच्या वडिलांचा. राजीवकाका रिटायर्ड भूलतज्ज्ञ. निम्म्या कॅरीला त्यांनी कधी ना कधी झोपवलेलं आहे. लग्न तळ्याकाठी, मुहूर्त अकरा वाजून बारा मिनिटांचा, आणि शालूपासून अक्षतांपर्यंत सगळं कॅम्परमध्ये. म्हणजे मी वेळेत पोचलो तरच लग्न!

"निघताना खिडक्यांचे पडदे उघडे ठेव," काका म्हणाले. "बंद ठेवले की धक्क्यांनी स्प्रिंग जाते. फार नाजूक असतात." त्यांनी नमुना म्हणून एक पडदा खाली ओढून सोडला. सुर्रर्र... फट्! पडदा वर गुंडाळला गेला आणि माझी एक पापणीही जवळपास गेली.

"उघडे बिघडे काही नको!" रेखाकाकू आतून आल्या. "शालूंना ऊन लागेल. आणि दागिने काय हायवेला दाखवायचेत?"

"अगं, मॅन्युअलमध्ये लिहिलंय..."

"मॅन्युअलला लग्नाची मुलगी आहे का?"

कॅम्पर घेतल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, हा वाद चालू होता. आजवर जिंकले होते काका, कारण चावी त्यांच्याकडे. दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. "शंतनू, तूच सांग!"

"मी आहे ना!"

दोघं नेत्राला घेऊन पुढे गेले आणि मी माझा तोडगा अमलात आणला. पडदे सगळे उघडे. काका खूश. मागच्या मोठ्या खिडकीला, जिथून शालू दिसत होते, तिथे वेगळं कापड. काकू खूश! पूजेच्या पिशवीत एक कोरं पांढरं कापड सापडलंच होतं. मधोमध कुंकवाने काढलेलं सुबक स्वस्तिक. ते मी मुद्दाम बाहेरच्या बाजूला केलं. सौंदर्यदृष्टी म्हणून काही असते की नाही?

पहिला हॉर्न पाचव्या मिनिटाला वाजला. मग दुसरा. मग एक छोटा ऑर्केस्ट्रा. लग्नाची गाडी ओळखली वाटतं! मी सगळ्यांना हात केला. एका आजींनी बोट दाखवलं. एकच. एक गुळगुळीत डोक्याचा माणूस मात्र फार प्रेमाने अंगठा दाखवून गेला. त्याच्या दंडावरचा टॅटू बघून मला पहिल्यांदा जरा चमत्कारिक वाटलं, पण तोवर मागे निळे दिवे लागले होते.

पोलीस ऑफिसर उतरून खिडकीशी आले. चेहरा शांत, हात कमरेवर.

"मागच्या खिडकीत काय लावलंय, माहीत आहे का?"

"पडदा, सर. उघडा की बंद यावरून घरात वाद होता."

"मी त्यावरच्या चिन्हाबद्दल बोलतोय."

मी त्यांच्या नजरेने मागे पाहिलं. जिथे स्वस्तिक म्हटलं की फक्त हिटलर आठवतो, त्या नॉर्थ कॅरोलिनाच्या हायवेवरून मी चार फुटी स्वस्तिक मिरवत साठच्या वेगाने निघालो होतो!

काकूंना फोन लावला. स्पीकरवर.

"काकू, या ऑफिसरना जरा सांगा, स्वस्तिक आपलं शुभचिन्ह असतं..."

"कुठलं स्वस्तिक?"

"त्या पांढऱ्या कापडावरचं. मी खिडकीला लावलंय."

"अरे मेल्या, तो अंतरपाट आहे!!"

"काय म्हणाल्या?" ऑफिसरनी विचारलं.

"कन्फर्म केलं, सर."

माणूस भला होता. म्हणाला, "माझ्या भारतीय शेजाऱ्यांच्या दारावरही आहे. पण ते दार जागचं हलत नाही. काढ ते."

मी अंतरपाट काढला, नीट घडी केली, कॅम्परच्या पुढच्या टोकाला बाहेर असलेल्या गॅस सिलिंडरच्या झाकणावर ठेवला, ऑफिसरशी दोन्ही हातांनी हात मिळवला आणि निघालो. अंतरपाटही निघाला. वेगळ्या दिशेने.

हे मला तळ्यावर पोचल्यावर कळलं. अकरा वाजून एक मिनिट! आठवडाभर डेटाबेस सांभाळणारे आणि शनिवारी गुरुजी होणारे सौमित्र पाटापाशी उभे. "अंतरपाट द्या."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेवर पोळ्या भाजता आल्या असत्या.

"एखादी शाल धरू या का?" काका म्हणाले.

"वापरलेलं कापड नाही चालणार! माझ्या मुलीच्या लग्नात अंतरपाट कोराच हवा!"

आणि मला सुचलं. कॅम्परचा पडदा! सकाळचा नमुना सोडला तर काकांनी अकरा वर्षांत एकही पडदा कधी खाली ओढलाच नव्हता. कोरा करकरीत! मी स्क्रू काढले, काकूंनी चरफडत कुंकवाचं बोट लावलं, आणि पडदा वधूवरांच्या मधे आला. दांडा माझ्या हातात, दुसरं टोक काकांच्या.

"काका, काहीही झालं तरी सोडू नका."

"मला शिकवतोस?"

मंगलाष्टकं सुरू झाली. तिसऱ्याला काकांनी नेत्राकडे पाहिलं. चौथ्याला त्यांचे डोळे भरले. पाचव्याला त्यांनी ते पुसले.

सुर्रर्र... फट्!

पडदा गुंडाळला गेला आणि जाताना केदारच्या मुंडावळ्या घेऊन गेला. मुंडावळ्यांना केदार बांधलेला होता. तोही आला! नवरदेवाचं कपाळ दांड्याला आणि दांडा माझ्या छातीला.

"सावधान!" गुरुजी म्हणाले. जरा उशीरच झाला होता.

"मुहूर्त चालला!" काकू ओरडल्या. नेत्रा मात्र हसून हसून वाकली होती. तशीच पुढे आली आणि तिने दांड्यासकट केदारला हार घातला. ठीक अकरा बाराला! हारात थोडा मीही होतो.

अक्षता पडत असतानाच काका म्हणाले, "बघितलंस रेखा? बंद ठेवले की स्प्रिंग जाते!"

"गेली कुठे? जावयाला विचारा, ठणठणीत आहे!"

जेवणं झाल्यावर परतीच्या सामानाचा विषय निघाला. मी म्हणालो, "मी आहे ना!"

पाच मिनिटांत प्रत्येकाने शालू, दागिने आणि उरलेले लाडू आपापल्या गाडीत भरले. रिकामा कॅम्पर घेऊन मी एकटा निघालो. पडदे अर्धे ठेवून.