चाली लावणारे भाऊजी

आमच्या घरी विहिरीच्या कप्पीला तेल घालायला मनाई होती. लग्न होऊन मी भैंस्याहून आदिलाबादजवळच्या मावल्याला आले, त्याच आठवड्यात मला हे कळलं. पाणी ओढताना ती कप्पी अशी काही किंचाळायची की गोठ्यातली म्हैस कान पाडून घ्यायची. नव्या सुनेनं काहीतरी शहाणपण दाखवावं म्हणून मी तेलाची वाटी घेऊन विहिरीपाशी गेले. तोच माझे धाकटे दीर गजानन वांग्याच्या वाफ्यातून एक चप्पल पायात आणि एक चिखलात सोडून धावत आले.

"वहिनी, थांबा! तेल नका घालू. तिचा कोमल गंधार मरंल!"

मला वाटलं घरात कोणी आजारी आहे आणि मला अजून सांगितलेलं नाही.

आतून सासूबाई म्हणाल्या, "राहू दे व बाई. त्या कप्पीले सारं गाव शिव्या देते. पन ह्याच्या मतानं ते गाऊन राह्यली."

ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. भाऊजी तेव्हा नागपूरला बी.ए. करत होते आणि विषय होता संगीतरचना. म्हणजे नवीन बंदिशी बांधायच्या, चाली लावायच्या. आमचं घर भाजीवाल्यांचं. मागे मळा, पुढे आदिलाबादचा बाजार. त्या घरात हा विषय कोणाला समजावून सांगणं सोपं नव्हतं.

"बी.ए. हून मानूस वकील होते, मास्तर होते," मामाजी म्हणत. मामाजी म्हणजे माझे सासरे. "बी.ए. हून चाल लावते, हे मी पह्यल्यांदा ऐकून राह्यलो. त्याले कालेज काऊन लागते?"

"बाबा, घर बांधाले मिस्त्री लागते का नाई? तसा गान्याले बी लागते."

"मिस्त्रीनं बांधलेल्या घरात रायता येते. तुह्या गान्यात कोन रायते?"

यावर भाऊजी विचारात पडत. त्यांचं हे एक होतं, कोणी टोमणा मारला तरी ते तो प्रश्न समजून त्यावर विचार करायचे.

खरी अडचण वेगळीच होती. चाली लावणाऱ्या या माणसाला स्वतःला गाता येत नव्हतं. पेटीवर बोटं अशी फिरायची की ऐकत राहावं, पण तोंड उघडलं की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. सूर त्यांना नेमका कळायचा, फक्त गळ्यातून निघायचा नाही. आणि मी माहेरी आरत्या म्हणणारी, भुलाबाईची गाणी म्हणणारी साधी मुलगी. एकदा भेंडी निवडताना काहीतरी गुणगुणत होते, तर भाऊजी दारात येऊन उभे.

"वहिनी, पुन्हा म्हना."

"काय?"

"जे म्हनून राह्यल्या तेच. अन् जरा सुरात."

त्या सुट्टीपासून मी त्यांचा गळा झाले. पोळ्या लाटताना, लसूण सोलताना, ओल्या कपड्यांची बादली घेऊन उभी असताना ते मला नव्या चाली शिकवायचे. 'जरा सुरात' हे त्यांचं पालुपद. मामाजी मजुरावर ओरडले तरी भाऊजी वाफ्यातून सांगणार, "बाबा, जरा सुरात." एकदा माझं आणि यांचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. भाऊजी पेटी बाजूला सारून गंभीरपणे म्हणाले, "दादा, भांडा, पन वहिनींनी पंचम धरला हाय, तू काऊन खाली उतरून राह्यला?" त्यानंतर आम्हाला भांडता आलं नाही. भांडणाचा विषय कोणता होता, तेही विसरलो.

एका उन्हाळ्यात मामाजींनी त्यांना बाजारात बसवलं. भाऊजींनी टमाट्यांच्या आरोळीलाही चाल लावली आणि पेटीवर वाजवून शेजारच्या दुकानातल्या पोराकडून म्हणवून घेतली. चाल इतकी करुण होती की बाया थबकून विचारू लागल्या, घरात कोणी गेलं का? एका तेलुगू आजीनं तर डोळ्याला पदर लावून अर्धा किलो टमाटे घेतले आणि "अय्यो पापम्", बिचारे गं, म्हणत निघून गेली. मामाजी संध्याकाळी उरलेल्या टोपल्यांकडे बघत म्हणाले, "बाप्पा, मले टमाटे विकाचे हायत. सुतक नाई पाळाचं."

पण भाऊजी सुट्टीत आले की घर भरून जायचं, ते त्यांच्या मित्रांच्या गोष्टींनी. नागपूरच्या त्यांच्या वर्गातला दामले, जो चष्मा लावल्याशिवाय तानपुरा जुळवू शकत नाही. शुक्ला, जो सकाळी सगळ्यांना चहा पाजतो. आणि तबलजी मेश्राम, ज्याला आई नाही. आमी असं केलं, आमी तसं केलं, आमी तलावावर बसून रात्रभर रचना केली. सासूबाई चुलीपुढे बसून हे सगळं ऐकत. मेश्रामवर त्यांचा विशेष जीव. भाऊजी परत निघाले की सासूबाई प्रत्येक मित्राच्या नावानं जवसाच्या चटणीचा वेगळा डबा भरायच्या आणि ओळखू यावा म्हणून त्याला वेगळ्या रंगाची चिंधी बांधायच्या. मेश्रामचा डबा सगळ्यांत मोठा.

शेवटच्या वर्षी परीक्षेत स्वतःची एक रचना परीक्षकांसमोर सादर करायची होती. ज्याला गाता येत नाही, त्यानं गाणारं माणूस आणायचं. भाऊजी दिवाळीत आले ते पडलेला चेहरा घेऊनच. चाल तयार होती, पूरिया धनाश्रीत. शब्द मिळत नव्हते आणि गाणारं कोणी नव्हतं.

"वर्गातल्या मुली गात नाहीत का?" मी विचारलं.

"गातात," एवढंच म्हणाले.

त्याच दिवशी दिवेलागणीला सासूबाई नेहमीप्रमाणे कुंपणाशी उभ्या राहून मळ्याकडे तोंड करून ओरडल्या, "गज्या, ये रे घरी आता! भाकर निवून राह्यली! किती वाट पाहू?"

भाऊजी वाफ्यात उभेच राहिले. मग धावत आले आणि पेटीवर बसले. रात्री जेवणाआधी बंदिश तयार होती:

'ये रे घरी आता, भाकर निवून राह्यली,
किती वाट पाहू, नजर शिनून राह्यली.'

मी ती म्हटली, तेव्हा सासूबाई परातीत हात तसाच ठेवून बसल्या. मग एकदम रागावल्या. "माह्यं वरडनं परीक्षेत नेऊन राह्यला? लोक काय म्हनतीन?"

मामाजींचा आक्षेप वेगळा होता. "सून कालेजात जाऊन गाईन?"

तेव्हा त्याच सासूबाई म्हणाल्या, "गाईन कायले? माहा निरोप सांगाले चालली. जाऊ द्या."

परीक्षेच्या दिवसांत टमाट्यांची तोड चालू होती, त्यामुळे यांना सवड नव्हती. मी आणि भाऊजी पहाटेच्या गाडीनं निघालो. नागपुरात माझी मावशी होती, रात्री तिच्याकडे उतरायचं ठरलं. आधी पेटी घ्यायला भाऊजींच्या खोलीवर गेलो. ते रिक्षा बघायला गेले आणि मी एकटीच खोलीत बसले.

खोली स्वच्छ होती. एक गादी, एक स्टोव्ह, एक ताट, एक पेला. आणि फळीवर रांगेनं चटणीचे डबे. पिवळी चिंधी, निळी चिंधी, लाल चिंधी. सगळ्या चिंध्या सासूबाईंनी बांधल्या होत्या तशाच, गाठी न सुटलेल्या. एकेका रंगाचे कितीतरी.

घरमालकीण पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुम्ही वहिनी का? बरं झालं बाई, कोणीतरी आलं. इतकी वर्षं हा मुलगा इथं राहतो, पण याच्याकडे कोणी पाऊल टाकलेलं मी पाहिलं नाही. एकटाच पेटी वाजवतो, एकटाच जेवतो."

मी उठून लाल चिंधीचा, मेश्रामचा, सगळ्यांत नवा डबा काढला आणि गाठ सोडली. घरून आणलेल्या भाकरीवर चटणी घातली, वर तेल सोडलं. भाऊजी आले आणि दारातच थबकले.

"वहिनी, ते मेश्रामची..."

"आज मेश्राम जेवायला येणार नाहीत," मी म्हटलं. "तुम्ही खा."

ते खाली बसले आणि खाऊ लागले. मान वर केली नाही. स्वतःच्या आईच्या हातची चटणी, पण दुसऱ्याच्या नावाची म्हणून या माणसानं कधी बोट लावलं नव्हतं.

कॉलेजच्या व्हरांड्यात मुलं घोळक्यानं उभी होती. शिपायानं "दामले!" म्हणून हाक मारली, तसा एक चष्मेवाला गोरा मुलगा आमच्या अगदी जवळून आत गेला. भाऊजी किंचित हसले. त्यानं पाहिलंही नाही. त्याच्या मनात वाईट काही नसावं. त्याच्या लेखी भाऊजी तिथं नव्हतेच, एवढंच.

आमची पाळी आली. मी आयुष्यात प्रथमच अशा सतरंजीवर बसले होते. भाऊजींनी पेटीवर सूर धरला आणि मी सुरू केलं. 'ये रे घरी आता...' घरी शेकडो वेळा म्हटलेले शब्द, पण त्या दिवशी मला ते एकट्या ताटासमोर बसलेल्या माणसाला सांगायचे होते. दुसऱ्या ओळीला माझा आवाज फाटला. भाऊजींनी पेटी थांबवली नाही. तो सूर तसाच धरून माझी वाट पाहत राहिले आणि मी पुन्हा वर आले.

म्हातारे परीक्षक जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "शब्द कोणाचे?"

"माह्या आईचे."

"कविता करतात?"

"नाई सर. भाजी विकते."

"मग हे?"

"मले जेवाले बोलावते."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पुन्हा एकदा म्हणा, बाई."

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो तेव्हा सासूबाई दारातच होत्या. परीक्षेचं विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "मेश्राम भेटला? कसा हाय?"

भाऊजी पाय धूत होते. त्यांच्या हातातला तांब्या तिथेच थांबला.

"भेटले ना, आत्याबाई," मी म्हटलं. "जरा बारीक झालेत. पण तुमच्या चटणीचं फार नाव काढत होते."

"पाह्य, मी म्हनत नव्हती?" सासूबाई खूश होऊन आत गेल्या.

संध्याकाळी मी मेथीच्या जुड्या बांधत होते. भाऊजी शेजारी येऊन बसले. दोन जुड्या बांधून झाल्यावर म्हणाले, "वहिनी, मेश्राम बारीक नाई. चांगला जाडजूड हाय."

"असू द्या. आत्याबाईंना तो बारीकच आवडतो."

ते हसले. मग चेहरा तिकडे वळवून पुढच्या जुडीला गाठ मारू लागले. ती गाठ काही केल्या त्यांना जमत नव्हती.

भाऊजी द्वितीय श्रेणीत पास झाले. पुढे उटनूरकडच्या एका आश्रमशाळेत त्यांना संगीत शिक्षकाची नोकरी लागली. मामाजींनी बाजारात पेढे वाटले, तरी कोणी विचारलं की "मास्तर झाला" एवढंच सांगायचे, कशाचा ते नाही. भाऊजी महिन्यातून एकदा घरी यायचे. मित्रांच्या गोष्टी मात्र आता सांगत नसत, आणि सासूबाईही का कोण जाणे, विचारत नसत.

नव्वद साल उलटलं असेल. एका रविवारी दुपारी ते आले, तर बरोबर एक उंच, काळेसावळे गृहस्थ. हातात सीताफळांची पिशवी. भाऊजी उंबऱ्यापाशीच थांबले. मुलगी पाहायला आल्यासारखे लाजलेले.

"वहिनी, हे नरसय्या सर. आमच्या शाळेत गणित शिकवतात. हे माहे..."

पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. नरसय्या सरांनी हात जोडले आणि आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत तो पुरा केला, "फ्रेंडू, अम्मा. आमी फ्रेंडू."

सासूबाई भाजीच्या टोपलीवरून उठल्या. त्यांनी त्या माणसाकडे नीट पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, आणि मला म्हणाल्या, "काय पाहून राह्यली? भात टाक."

त्या दुपारी भाऊजी पंगतीला बसलेच नाहीत. मला वाढूही दिलं नाही. नरसय्या सर दोन्ही हात ताटावर आडवे धरून "चालु, चालु", म्हणजे पुरे, पुरे, म्हणत होते, आणि भाऊजी त्यांच्या बोटांच्या फटीतून भात वाढतच होते.