वृद्धसुखप्रवास समितीची सांची सहल

राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नकाशावरची रेघ सरकली आणि नागपूरच्या सचिवालयातले नरहर हरकरे टेबलासकट भोपाळला सरकले. टेबल आधी पोचलं. मागाहून नरहरपंत, त्यांची पत्नी सिंधू, पाटा-वरवंटा आणि मातोश्री लीलावतीबाई असा लवाजमा नव्या सरकारी क्वार्टरात दाखल झाला. क्वार्टरला दारं बसली होती. खिडक्या मंजूर होत्या.

लीलावतीबाईंनी सत्तरी ओलांडली होती. गुडघे कुरकुरत, जीभ मात्र कधी कुरकुरली नाही, सरळ बोलायची. नागपूरला त्यांच्या ओसरीवर दुपारी बायकांचा अड्डा जमायचा. इथे समोर माळ, माळावर विटांचे ढीग आणि बोलायला शेजारच्या सुमित्राबाई. त्या ग्वाल्हेरकडच्या. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी असे. पण गप्पांची भूक अस्सल मराठी होती.

एका टांगेवाल्याने बाजारातून येता येता बाईंच्या डोक्यात किडा सोडला. "माँजी, भोपाल आके साँची नहीं देखा तो क्या देखा?"

घरी आल्याबरोबर बाई म्हणाल्या, "नरहर, येत्या रविवारी सांचीला जाऊ. पॅसेंजर थेट तिथेच थांबते म्हणतात. सिंधू धपाटे करेल. मायलेकरं जाऊन येऊ."

नरहरपंत खरोखरच गेले असते. धपाट्यांचं पीठसुद्धा दळून आलं होतं. पण शनिवारी कचेरीत आदेश आला: 'पुनर्रचनेमुळे स्थलांतरित झालेल्या कर्मचाऱ्यांच्या वृद्ध मातापित्यांचे मन नूतन राजधानीत रमत नसल्याचे निदर्शनास आले आहे. सबब त्यांच्याकरिता सुखकर व सुलभ सहलींची योजना तातडीने आखण्यात यावी.'

उपसचिव दुबेसाहेबांनी नरहरपंतांना बोलावलं. "हरकरेजी, आपके घर में बूढ़ी माताजी हैं न?"

"हैं, साहब."

"बस. आप विशेषज्ञ हुए."

नरहरपंतांच्या आयुष्यात त्यांना कोणी विशेषज्ञ म्हटलं नव्हतं. ते तरंगतच घरी आले. "आई, रविवारचं राहू दे. आता सरकारच तुला नेणार. गादीची बस, टेकडीवर चढायला डोली, सोबत डॉक्टर!"

"आणि तू?"

"मी योजना आखतोय."

"मग धपाट्यांचं काय?"

"खाद्यपदार्थांचाही यथावकाश विचार होईल," नरहरपंत म्हणाले. आपल्या तोंडून घरातसुद्धा अशी भाषा निघते याचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं.

वृद्धसुखप्रवास समितीच्या पहिल्या बैठकीत मूलभूत प्रश्न निघाला: वृद्ध म्हणजे कोण? नवं राज्य जुन्या चार तुकड्यांचं शिवलेलं, त्यामुळे समितीत चार सदस्य आणि चार मतं. ग्वाल्हेरकडचे सदस्य म्हणाले, पेन्शन सुरू झाली की माणूस वृद्ध. रीवाकडचे म्हणाले, आमच्याकडे सही करता येते तोवर कोणी वृद्ध होत नाही. भोपाळचे सदस्य पान तोंडात सारून म्हणाले, "हमारे यहाँ तो जब तक अब्बा ज़िंदा हैं, आदमी लड़का है." नागपूरच्या वतीने नरहरपंतांनी इंग्रजांच्या काळचा नियम पुढे केला. कोणत्याही भागावर अन्याय नको म्हणून चारही नियमांनी वृद्ध ठरेल तोच वृद्ध, असा ठराव झाला. ठराव निर्दोष होता. फक्त त्यात बसणारा माणूस बहुधा हयात नसे. तेव्हा अट शिथिल करून 'वृद्ध दिसणारी व्यक्ती' असं ठरलं, आणि दिसण्याचा निर्णय डॉक्टरांवर सोपवला.

डॉ. नीळकंठांकडून दोन दाखले आणायचे होते. एक, सदर व्यक्तीला चढण चढवत नाही. दोन, सदर व्यक्ती प्रवासास पूर्णपणे सक्षम आहे. दवाखाना वरच्या मजल्यावर होता. लीलावतीबाई सिंधूच्या खांद्याला धरून, कठडा चाचपत, पायरीपायरीला देवाचं नाव घेत वर पोचल्या.

"आजीबाई, जिना चढून आलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"मग काय उडून येऊ?"

"म्हणजे चढण चढवते. डोली नामंजूर."

नरहरपंत काकुळतीला आले. "डॉक्टरसाहेब, तिला किती त्रास झाला ते पाहा तरी! ज्यांना मुळीच चढवत नाही त्यांचं काय?"

"ते अजून एकही वर आलेले नाहीत," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "तपासल्याशिवाय दाखला कसा देणार?"

नरहरपंतांनी समितीकडे अपील केलं. समितीने सहानुभूतीपूर्वक विचार करून कळवलं की गुडघे आणखी बिघडल्यावर अर्जदार पुन्हा येऊ शकतात. त्या संध्याकाळी लीलावतीबाईंनी सांचीसाठी बाहेर काढलेलं जांभळं लुगडं घडी करून परत ट्रंकेत ठेवलं. नरहरपंतांना ते फार लागलं. पण दुसऱ्या दिवशी बैठक होती.

आता डोलीची चाचणी घेणं क्रमप्राप्त होतं. वृद्धांना दचके बसू नयेत म्हणून ते आधी समितीने खाऊन पाहायचे. एका रविवारी दुबेसाहेब डोलीत बसून टेकडी चढले. ग्वाल्हेरकरांनी उतरतानाच्या दचक्यांचा मुद्दा काढला, म्हणून पुढच्या रविवारी ते बसले. रीवाकरांनी डोलीत झोप लागते का हे तपासलं. लागली. भोपाळचे सदस्य सहकुटुंब आले, कारण वृद्ध कधी एकटा प्रवास करत नाही. नरहरपंत दर रविवारी डोलीच्या बाजूने चालत दचके टिपून घेत.

"तू तर सारखा सांचीला जाऊन राहिला," एकदा लीलावतीबाईंनी विचारलं. "स्तूप आहे कसा रे?"

डोलीच्या दांड्यावरून नरहरपंतांची नजर अजून वर गेलीच नव्हती. "गोल आहे," ते म्हणाले. एवढं त्यांनी कचेरीतल्या चित्रात पाहिलं होतं.

अखेर उद्घाटनाच्या सहलीचा दिवस उगवला. बस फुलांनी सजली. प्रत्येक वृद्धामागे एक डॉक्टर, एक मदतनीस, एक छत्रीधारक आणि देखरेखीला एक अधिकारी असा नियम होता. ही सगळी मंडळी बसल्यावर असं लक्षात आलं की वृद्धांना जागा उरलेली नाही.

"साहब, बुज़ुर्ग?" नरहरपंतांनी चाचरत विचारलं.

दुबेसाहेब गंभीर झाले. "पहली ही ट्रिप में बुज़ुर्गों को जोखिम में डालना ठीक नहीं, हरकरेजी. पहले हम हो आएँ." सर्वांना हा विचार फार माणुसकीचा वाटला. बस सुटली.

टेकडीवर पोचल्यावर नरहरपंत जागीच खिळले. स्तूपाच्या तोरणासमोर, झाडाच्या सावलीत, जांभळ्या लुगड्यात त्यांची आई बसली होती. शेजारी सुमित्राबाई. मधे धपाट्यांचा डबा उघडा.

"आई! तू इथे कशी?"

"पॅसेंजरने. सिंधूने तिकिटं काढून डब्यात बसवून दिलं."

"आणि ही चढण?"

"थोडं चढलो, थोडं बसलो. पुन्हा चढलो, पुन्हा बसलो," लीलावतीबाई म्हणाल्या. "सुमित्राबाईंनी सासरची सगळी गोष्ट सांगून टाकली. गोष्ट संपली तेव्हा वर होतो."

"और क्या!" सुमित्राबाई म्हणाल्या. "जल्दी कोणाला होती?"

तेवढ्यात वर्तमानपत्राचा फोटोवाला दुबेसाहेबांना विचारू लागला, की वृद्धांची सहल आहे, तर वृद्ध कुठे आहेत? दुबेसाहेबांची नजर झाडाखाली गेली. "माताजी, ज़रा डोली में बैठ जाइए. एक फोटो."

लीलावतीबाईंनी तोंडातला घास शांतपणे संपवला. "मला डोली नामंजूर आहे. तुमच्याच डॉक्टरांनी सांगितलंय."

डॉ. नीळकंठांनी दुजोरा दिला. नियम म्हणजे नियम. सुमित्राबाईंची तर तपासणीच झाली नव्हती. फोटोवाला घड्याळ पाहू लागला. दुबेसाहेबांनी चहूकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे नरहरपंतांवर स्थिरावले. रविवारांमागून रविवार डोलीसोबत धावून नरहरपंतांची पाठ वाकली होती, गाल बसले होते, कानांवरचे केस पांढरे झाले होते.

"डॉक्टर, ये कैसे दिखते हैं?"

डॉक्टरांनी नरहरपंतांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "दिखते हैं."

नरहरपंतांना डोलीत बसवलं. डोक्यावरून शाल पांघरली, हातात काठी दिली. फोटो निघाला. लीलावतीबाई इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग पदर तसाच राहिला आणि हसण्याचा आवाज थांबला.

"चल, गाडीची वेळ होतेय," शेवटी त्या म्हणाल्या. "आमच्याबरोबर येतोस?"

नरहरपंत डोलीतून अर्धे उठले. "बसमध्ये हजेरी आहे, आई."

"बरं," लीलावतीबाई म्हणाल्या. त्यांनी उरलेलं धपाटं लेकाच्या शालीत ठेवलं आणि सुमित्राबाईंचा हात धरून उतरू लागल्या. थोडं उतरत, थोडं बसत.

योजना यशस्वी ठरली. दुबेसाहेबांना बढती मिळाली आणि समितीकडे पचमढीच्या सहलीचंही काम आलं.

नरहरपंतांवर पोटभर हसून झालं असेल, तर वाचकांनी आपल्या घरातल्या म्हातारीला विचारावं, कुठे जायचंय का म्हणून. तिचं उत्तर ऐकून तोंडून 'बघू, जरा थंडी कमी होऊ दे' असं निघालं, तर समितीवर आपलीही नेमणूक झाली असं समजावं. त्यासाठी वेगळा आदेश निघत नाही.