गांधीलमाशांची टपालपेटी

मोहनसिंग राठोडच्या पेटीतलं टपाल सोळा वर्षांत एकदाही मागं राहिलं नव्हतं. हे अख्ख्या तांड्याला ठाऊक होतं, कारण मोहनसिंग ते रोज सांगायचा! कुणी पाकीट घ्यायला आलं तरी सांगायचा, कुणी नुसतं पाणी प्यायला टेकलं तरी सांगायचा. "पूर आला, संप झाला, माझं सोताचं लगीन झालं. पण पेटी अडीचला म्हंजे अडीचला उघडली!"

कनेरगाव नाक्यावरून आत वळलं की हा तांडा. तिथलं पोस्ट म्हणजे मोहनसिंगच्याच घराची पुढची खोली. आत टेबल, शिक्का आणि तराजू. बाहेर, स्वैपाकघराच्या दाराला लागून, भिंतीवर टांगलेली लाल पेटी. पेटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं: 'उघडण्याची वेळ २.३०'. तीनच्या ठोक्याला सेवा नावाचा हरकारा सायकलवर यायचा, टपालाची पिशवी बांधून नाक्यावर न्यायचा. मोहनसिंगचं सगळं राज्य एवढंच, पण त्यात बेशिस्तीला थारा नव्हता!

त्या साली हिंगोली जिल्हा नवा झाला, आणि दसऱ्याच्या सुमाराला पेटीतही नवी वसाहत झाली. गांधीलमाशांची! पिवळ्याजर्द, लांब तंगड्यांच्या, कमरेत इतक्या बारीक की बघणाऱ्याला वाटावं, हिला कुणी जेवायला घालतं की नाही? पत्र टाकायच्या फटीतून त्या अशा ये-जा करत, जशा काही रजिस्टरवर सह्या करूनच निघाल्यात.

"जाळून टाका की त्याह्यला!" मोहनसिंगची बायको शालूबाई म्हणाली. तिचा वरचा ओठ इडलीसारखा फुगला होता. सकाळी भाकरी थापतानाच एक माशी डसून गेली होती.

"जाळू? सरकारी पेटी हाय ती! रंग जळला तर जबाबदार कोण?"

"मंग माझा ओठ कोणाच्या जबाबदारीत येतो?"

"वरून हुकूम यावा लागतो, शालू. पेटीत टपाल असतं तर गोष्ट येगळी. पेटी तर रिकामी हाय."

ते खरं होतं. माशा आल्यापासून लोक पत्रं थेट मोहनसिंगच्या हातात देत. आठवडा असाच गेला. शालूबाईनंतर म्हशीला डसली, म्हशीनं दुधाची बादली उडवली. पण हुकूम नव्हता, म्हणून मोहनसिंगही हलत नव्हता!

आणि मग एका सकाळी तो दात घासत अंगणात आला आणि थबकला. पेटीच्या फटीतून आत पोस्टकार्डाचा पिवळा कोपरा दिसत होता!

"शालू! पेटीत टपाल हाय!"

शालूबाई चुलीपाशी होती. तिच्या हातातला पिठाचा गोळा तसाच राहिला. "असू द्या. उद्या बघा."

"उद्या? सोळा वर्षांत—"

"मंग आत्ताच काढा. सकाळच्या गारव्यानं माशा सुस्त असतेत."

मोहनसिंगनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं तिनं शिक्का चुलीत घालायला सांगितलाय. "पेटीवर काय लिव्हलंय? अडीच! येळंच्या आधी पेटी उघडणं म्हंजे गुन्हा हाय. कोणी दोन वाजता पत्र टाकायला आलं तर?"

"त्या माशांत हात घालायला कोण येऊन राहिलंय?"

"हे कार्ड टाकणारा आला की न्हाई? कोणाचं लगीन असंल, कोणाचं मरण असंल!"

"लगीनबी न्हाई अन् मरणबी न्हाई," शालूबाई बोलून गेली.

"तुला काय म्हाईत?"

"मला... आपलं वाटलं." आणि तिनं भाकरी इतक्या जोरात थापली की पलीकडं म्हैस उठून उभी राहिली.

अडीचला ऊन असं होतं की पेटीचा पत्रा तव्यासारखा तापला होता आणि माशा पुऱ्या रंगात आल्या होत्या. मोहनसिंग बाहेर पडला. अंगात खात्याचा रेनकोट, वर गोधडी, तोंडाला शालूबाईची ओढणी, हातात पायमोजे. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात धूर निघणारी गवरीची पाटी, वर कडुलिंबाचा पाला. नवरदेवाला हळद लावताना जसं गंभीर तोंड असतं, तसं ओढणीआड तोंड केलेलं.

"अहो, राहू द्या ना! एका कार्डापायी जीव देता काहून?" स्वैपाकघराच्या दारातून शालूबाई म्हणाली.

"बाजूला हो, शालू. हे सरकारी काम हाय."

धूर वर गेला. पेटीतून आधी घूंऽऽ असा आवाज आला आणि मग माशा बाहेर आल्या. पण धुरातून पळायला त्यांनी मोकळं आभाळ निवडलं नाही. त्यांनी जवळचं दार निवडलं, स्वैपाकघराचं! आत परात पडली, तांब्या पडला, आणि शालूबाई मागच्या दारानं बाणासारखी बाहेर पडली. "भाजी लागंल माझी! आता आत कोण जाऊन राहिलंय?"

निम्म्या माशा मात्र पेटीतच बसून राहिल्या. पोळं होतं पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला. मोहनसिंगनं किल्ली नुसती टेकवली आणि पायमोज्यातून करंगळीला टाचणी टोचल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा टेकवली, अंगठा गेला! तरी माघार नाही. त्याच्या डोक्यात नवा बेत आला. पेटी घरापासून लांब न्यायची, माळावर ठेवून, कुलूप काढून, लांब काठीनं दार उघडायचं आणि पळायचं. बस्स!

त्यानं फटीत फडकं कोंबलं, पेटी खिळ्यावरून उचलली, छातीशी धरली आणि सुटला.

आता तुम्हीच सांगा. दुपारच्या भर उन्हात, गोधडी पांघरलेला, तोंड झाकलेला एक माणूस पोस्टाची पेटी उराशी धरून तांड्यातून पळत सुटला, तर लोक काय समजतील?

खळ्यावर सोयाबीन बडवणाऱ्या भिकाबाईनं पहिली आरोळी ठोकली. "पोस्ट पळवलं रेऽऽ! चोर! चोर!"

बडवणं थांबलं. माणसं उठली. तांड्याचे नायक शंकरसिंग, सत्तरीचे, पण काठी हातात आली की तिशीचे, सगळ्यांच्या पुढं!

"म्या हाय! म्या!" मोहनसिंग ओढणीतून ओरडत होता. बाहेर नुसतं "म्म हॅ, म्म!" ऐकू येत होतं.

"परगावचा दिसतो! बोली समजून न्हाई राहिली!" भिकाबाई म्हणाली.

नायकांनी काठी आडवी घातली. मोहनसिंग गेला पालथा, पेटी गेली पुढं, फडकं उडालं, कुलूप निसटून दार खाडकन उघडलं. आणि मग चोर कोण, पोलीस कोण, नायक कोण, हे काही उरलं नाही. सगळा तांडा चार दिशांना पळाला! नायक तर काठी टाकून सरळ भिकाबाईच्या भुशाच्या ढिगात शिरले.

पळाला नाही तो एकटा मोहनसिंग. पेटीतून पडलेलं कार्ड वाऱ्यावर उडायला लागलेलं त्यानं पाहिलं आणि ते पोटाखाली धरून तो आडवाच पडला. ओढणी सुटलेल्या तोंडावर आणि पाठीवर किती डसल्या हे त्यानं मोजलं नाही. माशा थकून बाभळीकडं गेल्या तेव्हाच उठला. कार्डाला साधी सुरकुतीही पडली नव्हती!

अंगणात परतला तेव्हा सेवा सायकल घेऊन उभाच होता. "बाबौ! मास्तर, तुमीच हाव का? डोळे कुठं गेले तुमचे?"

मागून नायक आले, पागोट्यात भुसा. "मोहन्या, लेका, आधी सांगायचं न्हाई व्हय! बरं, कोणाचं एवढं महत्त्वाचं टपाल होतं?"

मोहनसिंगनं एका डोळ्याची फट करून कार्ड मोठ्यानं वाचायला घेतलं. अक्षर मोठं, वाकडं, रेषेवरून घसरलेलं. ते त्यानं लगेच ओळखलं. गेल्या साली साक्षरतेच्या वर्गाला जा म्हणून बायकोच्या मागं लागला होता तो स्वतःच!

'पोस्टाचे मोठे सायेब, हिंगोली, यास रामराम. तुमच्या पेटीत गांधीलमाशा झाल्या. एक मला चावली, एक म्हशीला. मालक म्हणतेत हुकूम पाहिजे. तरी हुकूम द्यावा. नसता पेटी घेऊन जावी. मालकालाबी नेलं तरी आमची तक्रार न्हाई. शालूबाई मोहनसिंग राठोड.'

शालूबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "भल्या पहाटं टाकलं व्हतं. वाटलं, सायबाचं तरी ऐकान. फाडून टाका आता."

"फाडू?" सुजलेल्या ओठांतून शब्द कसाबसा निघाला. "टपाल हाय ते!"

तो टेबलापाशी गेला. तारीख बघून शिक्का मारला, ठळक. सेवानं पिशवीचं तोंड उघडून धरलं. पण कार्ड आत टाकता टाकता मोहनसिंगचा हात थांबला. तो परत बसला, भेंडीएवढ्या झालेल्या बोटांत पेन धरला आणि पत्त्याखालच्या सहा रिकाम्या चौकोनांत एकेक आकडा नीट भरला.

"पुढच्या बारीला," तो शालूबाईला म्हणाला, "पिन कोड टाकत जा. न्हाई तर तक्रार पोचायला उशीर होतो."