रुस्तमअकांची पहाटेची पंगत

रुस्तमअका आमच्या घरात पहिल्यांदा आले ते थेट भिंतीला कान लावायला. मी दार उघडलं, त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली आणि हॉलच्या भिंतीवर टकटक करून कान टेकवला. मग डॉक्टरच्या चेहऱ्याने म्हणाले, "बिस्किट."

लंडनच्या आमच्या स्टॅनमोर भागातलं प्रत्येक घर त्यांच्या लेखी बिस्किट होतं, हात लावला तर मोडेल असं. लायब्ररी बिस्किट, कौन्सिलचं ऑफिसही बिस्किट. ट्यूब स्टेशनला तेवढी 'टोस्ट' अशी बढती मिळाली होती.

माणूस उझबेकिस्तानातला. 'अका' म्हणजे त्यांच्याकडचं दादा. सोव्हिएत काळात गॅसच्या पाइपलाइनवर वेल्डर होते. देश वेगळा झाल्यावर स्वतःची कंपनी काढली. आधी पाइप टाकले, मग वीजकेंद्रं उभारली, मग पूल बांधले. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास ते आमच्या शेजारी राहायला आले, एकटेच.

"तू काय बांधतोस, ब्रदर?" त्यांनी मला विचारलं.

"पेरोल सिस्टीम. बेसिंगस्टोकला."

"चल, दाखव."

दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. मला फार अपराधी वाटलं. तसं मला कशानेही वाटतं. दुकानातून काही न घेता बाहेर पडलो तरी मी दारावरच्या गार्डला सॉरी म्हणतो.

माझी बायको मंजिरी हिने त्या दिवशी त्यांना काठोकाठ मग भरून चहा दिला. अकांचा चेहरा पडला. उकळता चहा त्यांनी तसाच घशात ओतला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते निघून गेले. नंतर कळलं, त्यांच्याकडे पाहुण्याला थोडाच चहा ओततात, म्हणजे तो पुन्हा मागतो आणि बसतो. भरलेला पेला म्हणजे 'निघा आता'. तेव्हापासून मंजिरी त्यांना दोनच घोट द्यायची. पुण्याची असल्यामुळे तिला हे शिकायला वेळ लागला नाही.

अकांना देण्याची खोड होती. तिकडे त्यांनी शाळा बांधल्या, गावांना पाणी दिलं. इथे कोणी काही मागेना, त्यामुळे हात शिवशिवायचे. एका वीकेंडला आम्ही वेल्सला गेलो आणि परत येऊन बघतो तर आमचं मोडकं कुंपण जाऊन तिथे लोखंडी, गढीला शोभेल असं कुंपण उभं!

"अका, परवानगी घेतलीत का?"

"ब्रदर, डोनेशनला परवानगी?"

कौन्सिलचा माणूस तक्रार घेऊन आला. तो जाताना त्याच्या गाडीचा गळका एक्झॉस्ट वेल्ड झालेला होता.

मग ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी त्याच कुंपणावरून अका म्हणाले, "तिकडे माझ्या गावात बाळंतिणींचं हॉस्पिटल बांधलंय. शनिवारी उद्घाटन. आमच्याकडे अशा वेळी पहाटे ओश करतात, मटण आणि गाजराचा पुलाव. लोक जेवले नाहीत तर इमारत उघडलीच नाही असं मी धरतो. म्हणून ओश इथे करतोय. तू माणसं आण. बाग भरली पाहिजे."

"किती वाजता?"

"सहा."

"संध्याकाळी ना?"

त्यांनी माझ्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघितलं.

"पण अका, तुम्ही गावालाच का जात नाही?"

"बिझी," ते म्हणाले आणि घरात गेले.

मंजिरी कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे, श्रावण चालू आहे! श्रावणी शनिवारी, पहाटे सहाला, मटण! आणि तू हो म्हणून आलास?"

मी एजवेअरला राहणाऱ्या माझ्या मित्राला, नितीनला फोन केला. तो म्हणाला, "माझं स्वतःचं लग्न सकाळी नऊचं होतं. तिथेही मी लेट गेलो होतो."

शेवटी मी अकांना जाऊन श्रावण समजावला.

"महिनाभर मटण नाही?"

"नाही."

"कांदा तरी?"

"काहींना कांदाही चालत नाही."

"मग हे लोक बनलेत कशाचे, ब्रदर? बिस्किटाचे?" ते पालथ्या कढईवर बसले. मग हळूच म्हणाले, "मटण काढलं तर येतील? नक्की येतील?"

मी हो म्हणालो आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

शनिवारी बागेत दोन कढया होत्या. एक खरी. दुसरीत गाजर, छोले आणि मनुका. दुसरीतला घास अका चाखायचे आणि उसासा टाकायचे. सहा वाजले तरी फाटकात अका एकटेच, छातीवर हात ठेवून उभे. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात नितीन व्हॅन भरून माणसं घेऊन आला. मागून माझ्या बेसिंगस्टोकच्या ऑफिसातली बॅचलर मंडळी आली. समोरच्या इंग्लिश आजी वासाच्या मागोमाग ड्रेसिंग गाउनमध्येच आल्या. बॅचलर मंडळी मटणाच्या कढईला भिडली. "श्रावण तिकडचा आहे, व्हिसा इकडचा," त्यांचं म्हणणं. बाग भरली. अका झारा घेऊन लग्नघरातल्या यजमानासारखे धावत होते.

इतक्यात त्यांचा मोबाइल वाजला. ते दोन वाक्यं बोलले आणि त्यांनी फोन लोकांच्या दिशेने धरला. सगळे जेवण्यात गुंग, बागेत चिडीचूप.

"बोला ना," अका म्हणाले. "प्लीज, मोठ्याने बोला."

"कोण आहे फोनवर?" मी विचारलं.

"आई. हॉस्पिटलच्या अंगणात बसलीय. मी का आलो नाही विचारते. मी म्हटलं, इथे पाहुण्यांची इतकी गर्दी आहे की निघता येत नाही."

"मग पुढच्या महिन्यात जाऊन या."

"तिकडचे सरकारातले मोठे लोक माझ्यावर रागावलेत, ब्रदर. गेलो तर परत सोडणार नाहीत."

मी वळलो आणि आयुष्यात पहिल्यांदा सॉरी न म्हणता ओरडलो, "अरे, बोला की रे!"

मग काय विचारता! नितीनने पुलाव मागितला, कुणी कुणाला आग्रह केला, कुणी पोराला कुंपणावरून उतर म्हणून दरडावलं, आजी "लव्हली! लव्हली!" म्हणून ओरडल्या. अकांनी फोन डोक्यावर उंच धरला होता. हात भरून आला तसा दुसऱ्या हाताने धरला.

शेवटी त्यांनी तो कानाला लावला आणि बराच वेळ नुसतं ऐकलं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, एवढी माणसं टाकून येऊ नकोस. सगळ्यांचं जेवण होऊ दे."

ते कढईकडे वळले आणि आमच्याकडे पाठ करून झाऱ्याने तळ खरवडत राहिले. कढई केव्हाच रिकामी झाली होती.